जुळवणीला पडलेल्या टाळ्या

1 ऑगस्ट 1971. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, बांगलादेशच्या मदतीसाठीच्या मैफलीत, रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी सतार-सरोद सुरात लावून घेतले, आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. जुळवणीच एवढी आवडली असेल तर वादन आणखी आवडेल, असे रविशंकर म्हणाले. हा प्रसंग आपण गोऱ्या श्रोत्यांच्या अडाणीपणाचा किस्सा म्हणून सांगतो. मला त्यात मदतीसाठी होणाऱ्या गाण्याबजावण्याची सगळी गोम दिसते. श्रोत्यांची दानत मोठी होती. पण ज्यांच्यासाठी ते जमले होते, त्यांचे गाणे सुरू झाले की नाही, हेही त्यांना कळत नव्हते.

रविशंकरांचे मूळ घराणे पूर्व बंगालचे. 1970 च्या नोव्हेंबरातले चक्रीवादळ, मग पाकिस्तानी लष्कराचा अत्याचार, आणि जवळजवळ एक कोटी माणसे सीमा ओलांडून भारतात. रविशंकरांनी आपल्या शिष्याला, बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनला, साकडे घातले. बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार, बिली प्रेस्टन, लिऑन रसेल अशी मंडळी बिनपैशांनी आली. दुपारी आणि रात्री असे दोन खेळ झाले, मिळून सुमारे 40 हजार श्रोते. या दोन खेळांच्या ध्वनिमुद्रणातून तीन तबकड्यांचा संच निघाला आणि 1973 मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी मिळाले.

पैशाची गोष्ट मात्र रडकी आहे. तिकिटांचे सुमारे 2 लाख 43 हजार डॉलर युनिसेफकडे गेले. खरी कमाई तबकडीची, आणि ती अडकली. कार्यक्रम आधीच रीतसर युनिसेफच्या नावे नोंदवलेला नव्हता, म्हणून अमेरिकेच्या करखात्याने हात घातला आणि लाखो डॉलर सुमारे दहा वर्षे पडून राहिले. ब्रिटनमध्ये विक्रीवरचा कर माफ होईना, तेव्हा हॅरिसनने स्वतःच्या खिशातून 10 लाख पौंडांचा धनादेश दिला, असे सांगतात. तोवर छावण्या उठल्या होत्या आणि बांगलादेश स्वतंत्र झाला होता. तबकडीतून तत्काळ पोचले ते एकच. ज्याला जगातल्या बहुतेक सरकारांनी अजून मान्यता दिली नव्हती, त्या देशाचे नाव हजारो घरांतल्या कपाटात जाऊन बसले.

त्या संचाच्या मुखपृष्ठावर रिकाम्या थाळीपुढे बसलेले एक उपाशी मूल आहे. त्याला नाव नाही, आवाज नाही. आवाज आहे तो पहिल्या बाजूवरच्या 'बांगला धुन'मध्ये, आणि अनेक घरांत ती बाजू वगळून सुई थेट पुढच्या बाजूवर गेली असणार. (आपणही शास्त्रीय मैफलीच्या ध्वनिफितीत आलाप पुढे सरकवतोच.)

नागपूर जिल्ह्यातल्या भिवापुरात बसून हे परदेशी वाटायचे कारण नाही. गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी-मुलचेरा भागात, पूर्व बंगालच्या निर्वासितांच्या वसाहती आहेत. तिथल्या घरांत आजही बंगाली बोलतात. आणि आपल्या दुःखाचे मुखपृष्ठ तर आपण रोज पाहतो. विदर्भातल्या शेतकऱ्यांसाठी शहरात संगीतरजनी झाली की फलकावर भेगाळलेली जमीन आणि कपाळाला हात लावलेला म्हातारा ठरलेला. भौगोलिक मानांकन मिळूनही भिवापुरी मिरचीचे क्षेत्र आटत का गेले, हे त्या म्हाताऱ्याला कुणी माईकपुढे विचारत नाही. मिरची निवडायच्या सातऱ्यावर देठ खुडणाऱ्या बाया तर फलकावरही येत नाहीत.

याला उत्तर शोधायला न्यूयॉर्कला जावे लागत नाही. भिवापूरच्या नैर्ऋत्येला वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचे आनंदवन आहे. तिथे डॉ. विकास आमटे यांनी 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद उभा केला. गाणारे, वाजवणारे, नाचणारे कोण, तर कुष्ठमुक्त, अंध, कर्णबधिर, अपंग कलाकार. ज्यांच्या नावाने एरवी झोळी फिरली असती, तीच माणसे तिकीट लावून आपली कला विकतात. प्रेक्षकांत दया असतेच, ती काही दाराबाहेर ठेवता येत नाही. पण ताल चुकला तर चुकला असे म्हणण्याचा हक्कही तिकिटाबरोबर मिळतो. तो हक्क वापरायला प्रेक्षक कचरतो, आणि तिथे त्याची परीक्षा असते. मला हे अनुकरणीय वाटते, आणि हॅरिसनच्या मोठेपणाला त्याने बाध येत नाही. त्यानेही भारतीय वादनाला पहिले स्थान दिले होते. श्रोत्यांचे कान तयार नव्हते, एवढेच.

म्हणून भिवापुरात उद्या कुणी नागपूर-मुंबईचे नावाजलेले गायक आणून मिरची उत्पादकांसाठी कार्यक्रम करायचा म्हटले, ध्वनिमुद्रण विकायचे म्हटले, तर मी वर्गणी देईन. दोन गोष्टी आधी विचारीन. संस्थेची नोंदणी, करसवलत आणि बँकेचे खाते पहिल्या तिकिटाआधी झाले आहे का? आणि झाडीपट्टीतले दंडार हे लोकनाट्य सादर करणाऱ्या इथल्या मंडळींना किती वेळ दिला आहे, की पाहुणे येईपर्यंत गर्दी थोपवून धरायलाच त्यांना बोलावले आहे?