यंत्राचा आधार आणि तवक्कुल

तीव्र सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने सारे शरीर घेरले असता, काही रुग्णांच्या हृदयाचा स्नायूच शिथिल पडतो. मात्र रुग्ण वाचला तर हे हृदय बहुधा काही दिवसांत पूर्ववत होते. तेवढे दिवस काढायचे कसे, हाच प्रश्न. औषधे अपुरी पडली की काही मोठ्या रुग्णालयांत ‘एक्मो’ यंत्र जोडतात. ते शिरेतून रक्त बाहेर घेते, त्यात प्राणवायू मिसळते आणि धमनीतून परत सोडते.

अशा वेळी घरातले वडीलधारे म्हणतात, “आता अल्लाहवर सोडा.” हा उद्गार ईमानाचा आहे; पण तो कोठे लागू पडतो, याचा विचार आपल्या फिकहमध्ये बारकाईने झाला आहे. औरंगजेबाच्या काळी संकलित झालेल्या ‘फतावा आलमगिरी’त अपाय दूर करणारी साधने तीन प्रकारची मानली आहेत. तहानेला पाणी, भुकेला भाकर ही निश्चित साधने. मृत्यूचे भय असता ती सोडणे हराम आहे, तवक्कुल नव्हे. शिंगी किंवा रेचक ही संभाव्य साधने. ती घेतल्याने तवक्कुलला बाध येत नाही, न घेतल्याने गुनाह होत नाही. तिसरी साधने केवळ अंधुक आशेची.

एक्मो कोठे बसते? 2020 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात 90 दिवसांनंतर यंत्र लावलेल्यांपैकी 60 टक्के, तर न लावलेल्यांपैकी 25 टक्के रुग्ण जिवंत होते. हा मागील नोंदींवरून केलेला अभ्यास असल्याने तो अंतिम पुरावा नव्हे. शिवाय यंत्रामुळे रक्तस्राव होतो, पायाचा रक्तपुरवठाही तुटू शकतो. माझ्या मते हे साधन दुसऱ्या प्रकारातले. नकार देणाऱ्या कुटुंबाला गुनहगार म्हणू नये. (खर्चाचा प्रश्न येथे बाजूला ठेवला आहे, तो लहान नाही.)

तरीही एक गोष्ट मनात सलते. आकडी येणाऱ्या एका स्त्रीने प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे दुआ मागितली, तेव्हा त्यांनी तिच्यापुढे दुआ किंवा जन्नतच्या वचनासह सब्र असे दोन पर्याय ठेवले. तिने सब्र निवडला. पण ती निवड तिने स्वतःसाठी केली होती. बेशुद्ध मुलासाठी बापाने सब्र निवडणे ही निराळीच गोष्ट आहे.

यंत्र काढण्याबाबत मेंदूमृत्यूपुरता प्रश्न आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1986 साली अम्मान येथे हाताळला: मेंदूचे कार्य कायमचे थांबल्याचे तज्ज्ञांनी ठरवल्यास यंत्र काढता येते. काही उलमांना हे मान्य नाही. अवघड प्रसंग मात्र वेगळाच: मेंदू जिवंत आहे, हृदय परतत नाही, मूत्रपिंड आणि यकृतही खचत चालले आहेत. तेच यंत्र मग दुसऱ्या प्रकारातून तिसऱ्यात सरकलेले असते. म्हणून ‘यंत्र ठेवायचे की काढायचे’ याआधी डॉक्टरांना दररोज विचारावे: हृदय परतण्याची प्रबळ शक्यता आजही आहे काय?