ठाऊक असलेल्या गोष्टीची रात्र

सुरत-धुळे महामार्गावर नवापूर सोडून धुळ्याकडे निघालं की विसरवाडी लागते. मावची, भिल्ल, कोकणी लोकांचा हा पट्टा. इकडच्या सोंगाड्या पार्ट्यांचे, म्हणजे लोकनाट्य करणाऱ्या मंडळींचे, खेळ रात्रभर चालतात आणि पुष्कळदा कथा प्रेक्षकांना आधीच ठाऊक असते. तरी कुणी उठत नाही. पटकथेच्या कार्यशाळांत मात्र पहिला धडा उत्कंठेचा: पुढं काय होणार ते शेवटपर्यंत लपवा. हा धडा मला अपुरा वाटतो.

भरतानं नाट्यशास्त्रात कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या: प्रारंभ, प्रयत्न, प्राप्तिसंभव, नियतफलप्राप्ती, फलयोग. यात फळ मिळणार हे जवळपास ठरलेलंच असतं. ताण मधेच, हाताशी आलेलं निसटू पाहतं तिथं. अथेन्सच्या प्रेक्षकालाही ग्रीक शोकांतिकेतल्या ईडिपसची कथा माहीत होती. तो पाहत होता ते ईडिपसचं अज्ञान.

गुजरातेत साबरकांठ्यातल्या डुंगरी भिल्लांचं 'भारथ', म्हणजे त्यांचं महाभारत, भगवानदास पटेलांनी मौखिक परंपरेतून संकलित केलं. त्यात पाताळातला वासुकी द्रौपदीच्या सोनेरी केसावर भाळून वर येतो, अर्जुनाला बांधून घालतो आणि त्याच्या देखत तिला भोगतो. वासुकीला पुढं नमवतो तो कर्ण! व्यासांचा अर्जुन डोक्यात घेऊन बसलेला आपल्यासारखा वाचक इथं हादरतो. भिल्ल श्रोत्याला हा प्रसंगही परिचयाचा. त्याचं लक्ष असतं ते गायक आज अर्जुनाला किती हतबल करतो आणि द्रौपदीच्या तोंडी काय घालतो याकडे. कथानक सगळ्यांचं असतं, नाट्य त्या रात्रीचं.

आणि ते एकट्या सांगणाऱ्याचं नसतं. डांगाकडच्या कोकणा थाळकथेत थाळीवर मेणानं काडी उभी करतात. तिच्यावरून बोटं ओढली की सूर घुमू लागतो. कथेकऱ्याला साथ देणारा असतो, समोर ऐकणारे असतात. त्यांची दाद थंडावली तर चांगला कथेकरी प्रसंग आवरतो, वाढली तर फुलवतो. संघर्ष, कलाटणी, उत्कर्षबिंदू हे सगळं पुस्तकातून शिकता येतं. ऐकणाऱ्यांचा हा अंदाज नाही येत. सोंगाड्यांच्या खेळाचे तुकडे आता मोबाइलवर दिसतात, पण त्या पडद्यावरचा नट तुमच्या जांभईनं प्रवेश आखडता घेत नाही.

स्नेहसंमेलनाला नाटुकलं बसवणाऱ्या इथल्या शिक्षकांनी म्हणूनच एखाद्या जुन्या सोंगाड्याला तालमीला बोलवावं, मानधन देऊन.