वावरात बसून मावा पाहताना

जानेवारीतली ढगाळ सकाळ डोळ्यांपुढे आणा. निफाडकडची काळी जमीन, नोव्हेंबरात पेरलेला गहू, ओंब्या नुकत्या बाहेर पडलेल्या. बांधावरून पीक झकास दिसतं. बांधावरून सगळंच झकास दिसतं म्हणा! तेव्हा आत या. दोन ओळींच्या मधे उकिडवे बसा, श्वास सावकाश चालू द्या आणि एकच फुटवा निवडा.

ओंबीखालचं सगळ्यात वरचं पान दोन बोटांत धरा. हे ध्वजपान. दिवसभर उन्हात त्याने केलेली साखर ओंबीत चढते आणि दाण्यात पीठ होऊन साठते. ती वाट मनात सावकाश चाला: पान, कांडं, ओंबी, दाणा.

आता पान उलटा. शिरेला चिकटलेले टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे ठिपके. मावा. नजर हटवू नका. एकेकाच्या पाठीमागे दोन बारीक नळ्या दिसतील. सुईसारखी सोंड पेशींच्या मधून वाट काढत नेमकी अन्नरसाच्या नलिकेत पोचलेली असते. तिथे रसाला मुळातच दाब असतो, त्यामुळे फुटक्या नळाखाली तोंड धरावं तसा तो आपसूक येतो. त्यात साखर भरपूर, नत्र मात्र जेमतेम. पुरेसं नत्र मिळावं म्हणून मावा रस पीतच राहतो आणि जादा साखर मागून टाकून देतो.

खालच्या पानाला बोट लावा. चिकट लागतंय? दाण्यात जायची साखर तुमच्या बोटाला लागली आहे. पुढे त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते, पान काजळतं आणि उन्हालाही मुकतं.

जरा थांबा. यांतल्या बहुतेक माद्या आहेत. नराशिवाय त्या जिवंत पिल्लं घालतात, आणि जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात पुढची पिढी आधीच आकार घेत असते. दाटी झाली की पंखांच्या माद्या निपजतात आणि शेजारचं वावर गाठतात.

अळीने खाल्लेलं भोक दिसतं. इथे काहीच कुरतडलेलं नाही. ओंब्या निघण्याआधीच मावा दाटला तर दाण्यांची संख्याही घटते. पण ओंबी भरताना आला तर दाणे बहुधा तेवढेच राहतात आणि वजन उतरतं. चांगल्या गव्हाचे हजार दाणे साधारण 40 ग्रॅम भरतात. चोखलेल्या ओंबीतले पोचट, सुरकुतलेले निघतात. हे कळतं मळणीनंतर, काट्यावर.

इथे मन फवारणीच्या पंपाकडे धावेल. धावू द्या, डोळे पानावरच असू द्या. एखादा मावा तपकिरी, फुगलेला, कागदासारखा कोरडा दिसतोय का? त्याच्या आत परजीवी गांधीलमाशीची अळी वाढते आहे. आणि ती काळसर, नारिंगी ठिपक्यांची खरबरीत अळी? ती ढालकिड्याची. दिसायला कुरूप, म्हणून बिचारी किडीच्या नावावर चिरडली जाते, पण दिवसाकाठी कितीतरी मावा फस्त करते. फवारा वाईट नाही. मात्र ही मंडळी कामाला लागली असताना मारलेला फवारा त्यांनाही घेऊन जातो, आणि मावा त्यांच्यापेक्षा लवकर परततो. युरियाचा हात सैल सुटला होता का, पेरणी लांबली होती का, तेही आठवून पाहा. कोवळ्या, हिरव्यागार, उशिराच्या गव्हावर मावा हमखास जमतो.

आता उठा. मावा चट्ट्याचट्ट्याने पडतो, तेव्हा चारही कोपऱ्यांतले आणि मधले फुटवे बघायचे आहेत. दुसरा फुटवा धरा, पान उलटा, आणि या खेपेला मावा मोजा, ढालकिडेही मोजा.