लळा आणि लिलाव

मेंढ्याला नाव द्यायचं की नाही, यावरून आमच्या घरात एप्रिलमध्येच जुंपली. जुलैत ज्याला विकायचं त्याचं बारसं कशाला, असं माझं म्हणणं. लेकीने ऐकलं नाही. काळ्या तोंडाचं कोकरू ट्रेलरमधून उतरून गव्हाणीपर्यंत पोचायच्या आत त्याचा ढब्बू झालेला होता.

आम्ही आयोवात राहतो. नवरा शेतीच्या यंत्रांच्या कारखान्यात इंजिनियर, मी शाळेच्या ग्रंथालयात. आमची स्वतःची शेती नाही. गावाबाहेरच्या एका शेतकरी आजोबांनी त्यांच्या कोठाराचा एक कोपरा मुलीला वापरायला दिला आहे. हे असं आपुलकीने देणं इथे सर्रास चालतं, कारण त्या आजोबांनीही लहानपणी ‘फोर-एच’ या मुलांच्या चळवळीत वासरं वाढवलेली असतात. १९०२ साली ओहायोतल्या क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम नावाच्या शाळा-अधिकाऱ्याने शेतकऱ्यांच्या मुलांचं मंडळ काढलं, तिथे या चळवळीची मुळं सांगतात. आयोवाचे लोक मात्र आधी पेज काउंटीच्या जेसी फील्ड यांचं नाव घेतात. तीन पानांचा बिल्ला त्यांनी काढला, चौथं पान मागून आलं. डोकं, काळीज, हात आणि आरोग्य अशी ती चार पानं. माझ्या मते त्यातलं दुसरं पान उरलेल्या तिघांशी कायम भांडत असतं, पण हे क्लबच्या बैठकीत बोलायची सोय नाही.

मुलं आपली जनावरं जिथे दाखवतात आणि विकतात, ती काउंटी फेअर म्हणजे आपल्याकडची जत्राच, असं मी आईला फोनवर सांगत असे. पाळणे, खाण्याच्या गाड्या, धूळ, ट्रॅक्टरने वजन ओढायच्या स्पर्धा. कुस्त्या तेवढ्या नाहीत. आई त्या उन्हाळ्यात जतहून आमच्याकडे आली होती. ती माळकरी आहे. फेअर आणि आषाढी एकादशी नेमकी एकाच आठवड्यात आली आणि तिची वारी चुकली, ही खंत तिने शेवटपर्यंत बोलून दाखवली. पण मेंढ्यात तिला रस होता. जतच्या बाईला मेंढरू कळत नाही असं होत नाही. माडग्याळी मेंढ्यांचे कळप तिच्या माहेराच्या दारावरून जायचे. ढब्बूला बघून ती म्हणाली, “पाय आखूड आहेत. हा दहा कोस चालायचा नाही.” त्याला कुठेच चालत जायचं नाही, हे तिला सांगायला मला थोडा वेळ लागला.

काम मात्र खरंच खूप असतं. साठेक पौंडांचं, खच्ची केलेलं कोकरू आणायचं आणि जत्रेपर्यंत एकशे तीस-चाळीस पौंडांचं करायचं. सकाळ-संध्याकाळ पेंड तोलून घालायची, उरली किती ते बघायचं, दर आठवड्याला वजन घ्यायचं आणि वहीत लिहायचं. अंगावर चरबी नको, मांस हवं, म्हणून रोज चालवायचं. जत्रेआधी अंगाची लोकर अगदी चामडीलगत उतरवायची, पायांवरची ठेवायची, ती फणीने उभी करायची. सारखं धुणं आणि कातरणं यामुळे मेंढ्यांना एक नायटा होतो, तो पोरांच्या हातांनाही लागतो. आमच्या लेकीच्या कोपराजवळ त्याचा लाल गोल उठला होता. आईने कडुनिंब विचारला. आयोवात कडुनिंब कुठला!

औषधाचंही पुस्तक असतं. जंताचं औषध दिलं तर बाटलीवर लिहिलेले दिवस मोजायचे, तेवढे दिवस गेल्याशिवाय जनावर कापायला पाठवायचं नाही. हे सगळं मुलांना प्रशिक्षणात शिकवतात आणि त्यावर त्यांची सही घेतात. आपला मेंढा कुणाच्या तरी ताटात जाणार आहे, ही गोष्ट तिथे कुणी पोरांपासून लपवत नाही. मला हे आवडलं. आणि ज्या गोष्टीने मला हा लेख लिहायला लावलं, तीही याच तयारीतली आहे.

इथे मेंढा दोरीने धरून दाखवत नाहीत. रिंगणात मुलगी त्याच्या समोर उभी राहते, दोन्ही हातांनी जबडा धरते, गुडघा त्याच्या छातीला लावते आणि हलकेच रेटते. मेंढ्याने मागे सरायचं नाही, उलट रेटा द्यायचा. त्याने जीव लावून रेटा दिला की पाठ आणि मांड्या ताठ होतात. मग परीक्षक येतो आणि मणक्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत जातो. मांस किती, वर चरबी किती, हे त्याला हातानेच कळतं. आता गंमत अशी, की अनोळखी माणसाला मेंढा सहसा रेटा देत नाही. तो निसटतो. महिनोन् महिने जिने खाऊ घातलं, अंगावरून हात फिरवला, तिच्याच गुडघ्याला तो बिनधास्त छाती लावतो. म्हणजे त्याचा विश्वास जितका पक्का, तितका त्याच्या मटणाचा अंदाज चांगला येतो. कोठारात मी हे रोज बघत होते आणि रोज मला अस्वस्थ व्हायला होत होतं.

आईने एके संध्याकाळी सरळ विचारलं, “एवढी माया लावायची आणि मग कसायाकडं धाडायचं. ही कसली गं रीत? त्यापेक्षा मायाच लावू नये.”

मी तिला बोकडाची आठवण करून दिली. आमच्या भागात नवसाचा बोकड घरीच वाढतो, पोरं त्याला चारतात, त्याच्याशी खेळतात. मग देवळापुढे त्याच्या अंगावर पाणी शिंपडतात आणि तो थरथरेपर्यंत वाट बघतात. थरथरला, की देवाने घेतला, असं समजायचं. गार पाणी पडल्यावर जनावर अंग झाडणारच. पण त्या थरथरण्याला होकार मानलं की माणसाच्या मनावरचं ओझं उतरतं. फेअरमध्ये ही सोय नाही. तिथे बारा वर्षांची पोर स्वतः रिंगणात उभी असते आणि लिलाववाला तिच्या तोंडावर आकडे ओरडत असतो. देव मध्ये पडत नाही.

आई म्हणाली, “आपण कुठं बोकड कापला?” खरं आहे, माळकऱ्याचं घर. पण बेंदराला शिंगं रंगवून, पुरणपोळी चारून ज्या खिलारी बैलाची मिरवणूक निघायची, तो थकल्यावर खरसुंडीच्या बाजारात जायचा. पुढे कुठे गेला, हे आजोबांनी कधी विचारलं नाही आणि आम्हालाही विचारू दिलं नाही. २०१५च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात बैल कापायला कायद्याने बंदी आली. त्याने न विचारण्याची सवय काही गेली नाही.

आईशी वाद घालताना मी महाभारताचा आधार घेतला, तो अर्धवट निघाला. वनपर्वातला धर्मव्याध मिथिलेत मांसाचं दुकान चालवतो आणि तपाच्या घमेंडीत नजरेने बगळी जाळून आलेल्या कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकवतो. खाटकाच्या तोंडून धर्म ऐकवायचा, ही केवढी मोठी धिटाई! लहानपणी कीर्तनात ऐकलं तेव्हापासून मला तो माणूस आवडतो. पण मूळ गोष्टीत तो असंही सांगतो की मी स्वतः मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेलं विकतो, आणि मांस खातही नाही. म्हणजे त्यानेही दोन पावलं अंतर ठेवलंच. ज्याला वाढवलं त्यालाच विकायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. ती माझ्या मुलीवर आली होती. तिच्या प्रश्नाला त्याच्या दुकानात उत्तर नाही.

त्यापेक्षा भागवतातला भरत राजा या कोठाराच्या जवळचा. राज्य सोडून गंडकीकाठी तप करणारा हा राजा पाण्यात पडलेलं हरणाचं पाडस उचलतो, वाढवतो आणि त्याच्यात इतका गुंततो की मरताना डोळ्यांपुढे तेच. पुढचा जन्म हरणाचा. कीर्तनकार याचं तात्पर्य आसक्तीवर नेतात. मला मात्र नेहमी त्या रानातली बाकीची हरणं आठवतात. भरताला दया आली ती एकाची. त्याच रानात वाघाच्या तोंडी जाणाऱ्या पाडसांसाठी त्याने आसन सोडल्याचं पुराणात नाही. माया अशीच असते. ती एकाला निवडते, नाव देते, आणि निवडल्याबरोबर उरलेल्यांना बिननावाचं करून टाकते. करुणेला अशी निवड करायची मुभा नसते, म्हणून ती फार कमी जणांना झेपते.

हे म्हणताना मला कॅलिफोर्नियातल्या त्या बोकडाला टाळता येत नाही. २०२२च्या जूनमध्ये शास्ता काउंटीत नऊ वर्षांच्या एका मुलीचा सीडर नावाचा बोकड लिलावात ९०२ डॉलरला गेला. मुलीला तो देववेना. आईने त्याला उचलून दूर सोनोमा काउंटीत ठेवलं आणि फेअरचं जे नुकसान होईल ते भरून द्यायची तयारी दाखवली. फेअरवाल्यांनी ऐकलं नाही. नियम म्हणजे नियम, आणि पोरांना जबाबदारी शिकवायची. शेरीफची माणसं शेकडो मैल गाडी हाकत गेली, बोकड आणला आणि तो कापला गेला. प्रकरण कोर्टात गेलं, २०२४मध्ये तीन लाख डॉलरांवर तडजोड झाली. एका बोकडाला सोडता येऊ नये इतका ज्यांचा नियम ठिसूळ, त्यांनी मुलांना धर्म शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही एक गोष्ट उरतेच. सीडर वाचला असता तरी त्याच्याबरोबर लिलावात उभी राहिलेली दुसरी जनावरं ट्रकमध्ये चढलीच असती, आणि त्यांच्यासाठी कुणी वकील लावला नसता.

म्हणून शेवटी मी लेकीला ढब्बू सोडवायचा का, असं विचारलं नाही. विचारायची फार इच्छा होती. आई तर पैसे द्यायला निघाली होती.

लिलाव मला आवडला नाही, हेही सांगते. खरेदी करणारे गावातलेच, बँक, खाद्याचं दुकान, ट्रॅक्टरवाले. बाजारभावाच्या वर ते जे देतात ते मेंढ्याचे नसतात, पोराचे असतात. कॉलेजच्या खात्यात जातात आणि पोरं त्यांना आभाराचं पत्र लिहितात. हेतू चांगलाच. पण रिंगणात डोळे पुसणाऱ्या मुलीवर बोली चढते, हे मी पाहिलं. रडू बाजारात आलं की पुढच्या वर्षी कुणीतरी मुद्दाम रडेल. आमची लेक रडली नाही. लाल रिबिन मिळाली होती, म्हणजे दुसऱ्या प्रतीची, तिचा राग बहुतेक जास्त होता. संध्याकाळी ट्रक यायच्या आधी तिने ढब्बूची बादली घासून ठेवली आणि शेजारच्या कप्प्यातल्या, मालक घरी गेलेल्या दोन मेंढ्यांना पाणी भरलं. त्यांची नावं तिला माहीत नव्हती. कुणी सांगितलं नव्हतं. मी तिथे उभी होते. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच मला या सगळ्या खटाटोपाबद्दल बरं वाटलं, आणि दुसऱ्या क्षणी ट्रकचा आवाज आला तेव्हा ते टिकलंही नाही.

आता लेकीला कापायचा मेंढा नको, पैदाशीची मेंढी हवी आहे. तिलाही फेअरमध्ये वेगळा वर्ग असतो, आणि ती घरी परत येते. मला वाटलं, सुटलो. आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, “आणि तिला नर झाले म्हणजे?” निम्मे होणारच. इतके नर कुणी पोसत नाही, ना जतला ना आयोवात. आई म्हणाली, मग लोकरीसाठी ठेवा. इथे कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या पैशांपेक्षा जास्त होते, हे मी तिला सांगितलं. जतलाही आता घोंगडीच्या लोकरीला कोण विचारतं, हे तिनेच मला सांगितलं. मग थोडा वेळ आम्ही दोघी मेंढीच्या किमतीबद्दल बोललो. नोव्हेंबरात मेंढी येणार आहे.