दुसऱ्याच्या दाव्यातला वाटेकरी

ज्या दाव्याशी आपला काही संबंध नाही त्याला पैसा पुरवायचा आणि निकाल लागल्यावर मिळकतीत वाटा घ्यायचा, या व्यवहाराकडे कायद्याने फार पूर्वीपासून संशयाने पाहिले आहे. वादी-प्रतिवादीचा भाऊ, बाप, मुलगा किंवा नेमलेला प्रतिनिधी नसताना दुसऱ्यासाठी वाद घालणाऱ्याला नारदस्मृतीने दंडास पात्र ठरवले. इंग्लंडमध्ये १२७५ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने राजाच्या अधिकाऱ्यांना वाट्याच्या बोलीवर दुसऱ्यांचे दावे चालवण्याची मनाई केली. तिथे बडे सरदार दुबळ्यांच्या हक्कांत भागीदार होत आणि आपल्या वजनाने न्याय वाकवत. पुढे तिथे ही मनाई सर्वांनाच लागू झाली आणि असे कृत्य गुन्हाही ठरले.

ही मनाई हिंदुस्थानात आली का, याचा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १८७६ मध्ये राम कुमार कुंडू विरुद्ध चंद्रकांत मुखर्जी या बंगालच्या खटल्यात दिला. एका दांपत्याने जमिनीसाठी लावलेल्या दाव्याला मुखर्जींनी पैसा पुरवला होता. तो दावा फसला. जिंकलेल्या पक्षाने आपला खर्च थेट पैसा पुरवणाऱ्याकडून मागितला. इंग्लंडचा तो विशेष कायदा इथे लागू नाही, असे कौन्सिलने सांगितले आणि मागणी फेटाळली. रास्त वाट्याच्या बदल्यात दाव्याला पैसा देणे स्वतःहून गैर नाही, कारण अनेकांकडे हक्क असतो पण तो मिळवण्याचे साधन नसते, हे त्यामागचे कारण होते. मात्र वाटा पिळवणुकीचा असेल, किंवा दावा हा नुसता जुगार असेल, तर न्यायालय असा करार पाळायला लावणार नाही, ही अटही त्याच निकालात आली. इथली कायद्याची दिशा तेव्हाच ठरली: प्रश्न मनाईचा राहिला नाही, अटींचा झाला.

अटी तपासण्याचे हत्यार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ मध्ये होते. सार्वजनिक हिताला बाधक करार या कलमाखाली रद्दबातल ठरतो. वाटा किती, जोखीम किती, पैसा देणाऱ्याने खरोखर किती दिला आणि करार झाला तेव्हा वादी किती अडलेला होता, हे सारे पाहिले जाते. १९९१ मध्ये सालारजंगांच्या मालमत्तेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एक ठळक रेघ ओढली: पैशाबरोबर सरकार-दरबारी वजन वापरण्याचाही सौदा असेल, तर तो करार टिकणार नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार नुसता दावा लावण्याचा हक्कही विकता येत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुससारख्या गावाच्या आसपास हा प्रश्न पोथीतला राहत नाही. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींसाठी जमीन १९५७ च्या कोळसाक्षेत्र संपादन कायद्याने घेतली जाते. मोबदल्यावर तडजोड झाली नाही, तर वाद कलम १४ खाली न्यायाधिकरणापुढे जातो. जमीन आधीच गेलेली असते, वाढीव मोबदला मात्र वर्षानुवर्षांनी, एकरकमी मिळतो. मधल्या काळात मोजणी, नकला, वकील, तज्ज्ञाची साक्ष यांचा खर्च शेतकऱ्याने सोसायचा. पैसेवाल्या त्रयस्थाला आमंत्रण देणारी याहून नेमकी परिस्थिती सापडणे कठीण. १८७६ चा निकाल ज्याला साधन नसलेला हक्कदार म्हणतो, तो इथला खातेदारच आहे. कज्जेदलालाच्या हातीही तोच सर्वांत सहज सापडतो.

म्हणून या भागात इतर कायदेही आपोआप मर्यादा घालतात. पैसा जिंकल्या-हरल्याची पर्वा न करता परत द्यायचा असेल, तर ते कर्ज ठरते आणि परवान्याविना केलेल्या अशा धंद्यावर २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम लागू होतो. वाटा जमिनीतच ठरला असेल आणि जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ आड येते: सरकारी मंजुरीविना ती विक्री, गहाण, भाडेपट्टा वा अन्य मार्गाने बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. ही व्यवस्था गावपातळीवर नीट पोहोचली, तर वाटेकऱ्याची गरजच पुष्कळ कमी होईल.

वकिलाच्या बाबतीत मात्र कायद्याने सवलत दिलेली नाही. वसुलीच्या निम्म्या रकमेच्या बोलीवर काम घेतलेल्या मुंबईच्या एका वकिलाचे प्रकरण १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले. निकाल लिहिला न्या. विव्हियन बोस यांनी. बोस पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. हाच करार वकील नसलेल्या माणसाने केला असता तर कायद्याने आक्षेपार्ह ठरला नसता, पण वकिलासाठी ते व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे त्यांनी म्हटले. भेद योग्य आहे. निकालात स्वतःचा वाटा असलेला वकील तडजोडीचा सल्ला निःपक्षपणे देऊ शकत नाही. पुढे बार कौन्सिलच्या नियमांनी निकालावर अवलंबून फी आणि दाव्यातला हिस्सा, दोन्हींना बंदी घातली. तरी टक्केवारी थांबली नाही. अपघात भरपाईच्या रकमेवर टक्क्याने मागितलेली फी २०१७ मध्ये बी. सुनीता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बेकायदा ठरवावी लागली.

त्रयस्थाला परवानगी, वकिलाला बंदी, इथवर चित्र स्पष्ट आहे. सुटलेला नाही तो १८७६ चाच मूळ तंटा: दावा हरला तर प्रतिपक्षाचा खर्च कोणी द्यायचा? इंग्लंडने १९६७ मध्ये गुन्हा रद्द केला आणि २००५ च्या आर्किन निकालात पैसा पुरवणाऱ्याला, त्याने पुरवलेल्या रकमेपर्यंत, जबाबदार धरले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये टुमॉरो सेल्स प्रकरणात, लवादात पक्षकार नसलेल्या पुरवठादारावर खर्च लादण्यास नकार दिला. महाराष्ट्रात मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २५ मध्ये १९८३ पासून लागू असलेली दुरुस्ती अधिक न्याय्य वाटते. दाव्याच्या खर्चासाठी वादीने मालमत्तेतला हिस्सा त्रयस्थाला दिला असेल, तर न्यायालय त्याला पक्षकार करून खर्चाचे तारण मागू शकते. तारण न दिल्यास त्याचा त्या मालमत्तेवरील हक्क नाकारता येतो. नफ्यात उभा राहणाऱ्याने तोट्यातही उभे राहावे, हे तत्त्व त्यात आहे. नियमाची भाषा मात्र दाव्यातील मालमत्तेच्या हिश्शाची आहे, आणि असा करार झाला आहे हे सुरुवातीलाच उघड करण्याचे सर्वसाधारण बंधन कोणत्याही पक्षावर नाही. ते घातले जाईपर्यंत न्यायालयाचा हा अधिकार करार योगायोगाने उजेडात येण्यावर अवलंबून राहतो.