दोष द्रव्याचा कीं मर्यादेचा?

वाईटाचा उगम नेहमीं बाहेरच असतो काय? निरोगी माणसाच्या रक्तांत दर डेसिलिटरमागें सुमारें ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. कित्येक कर्करोगांत तें वाढतें. रोग्यास ग्लानि येते, बुद्धीस भ्रम पडतो. अर्बुदच पॅराथायरॉइड ग्रंथीच्या रसासारखें द्रव्य स्रवत असावें, असा तर्क १९४१ सालीं डॉ. फुलर ऑलब्राइट यांनीं मांडला. १९८७ सालीं तसें द्रव्य खरोखरच हातीं लागलें.

नवल पुढेंच आहे. हेंच द्रव्य स्तनपान देणाऱ्या मातेच्या हाडांतील कॅल्शियम सोडवून बाळाच्या दुधासाठीं उपलब्ध करून देतें! कांहीं अर्बुदें पांढऱ्या पेशी वाढविणारें द्रव्यहि स्रवतात. मग रोगजंतूंशीं लढणारी ती सेना शत्रूवांचूनच फुगत जाते. तात्पर्य, येथें विष परकें नाहीं. शरीराचीच हितकर शक्ति अस्थानीं व अमर्याद झालेली आहे.

पुष्कळसे दुर्गुण आम्हांस असेच मर्यादा सुटलेले सद्गुण वाटतात. म्हणून दुष्टाव्यास अभय द्यावें असें नव्हे; अर्बुद कापावेंच लागतें. परंतु हाडांतून कॅल्शियम सोडविणारी शक्तीच समूळ नाहींशी करूं पाहणारा वैद्य रोगाबरोबर रोग्यासहि गमावील. मनाची चिकित्सा करणाऱ्यानेंहि हें विसरूं नये.