मार्ग बदलल्यावर

कालक्याहून सिमल्यास जाणारी जुनी वाट कसौली, हरिपूर, सैरी या मुक्कामांवरून जाई. तेथील डाक बंगल्यांत प्रवासी रात्र काढीत. पुढे धरमपूर-सोलनवरून गाडीरस्ता झाला. टांगे व टपाल तिकडे वळले. १९०३ साली आगगाडी आली आणि टांग्यांचेही दिवस सरले.

ज्या वस्तीने थकल्या वाटसरूस आसरा दिला, तिचे मोल वाटेबरोबरच संपते काय? उपयोग संपतो, हे खरे. परंतु ऋण घडून गेलेल्या गोष्टीचे असते, आणि घडलेले पुसता येत नाही. बदल्यांच्या फेऱ्यात मी तीन गावे सोडली. एकाही शेजाऱ्यास पत्र धाडले नाही. मी ज्याला मुक्काम म्हटले, ते त्यांचे घर होते.